आकाशाखालची खोली : हैदराबादच्या निवासी बागांचा इतिहास आणि आजचे अंगण

प्रस्तावना

इतिहासाच्या वर्गात बागेचा विषय बहुधा राजवाडे आणि मकबरे यांच्या निमित्ताने येतो. ताजमहाल किंवा बीबी का मकबरा शिकवताना आपण फळ्यावर एक चौकोन काढतो, त्याचे चार भाग करतो, मधून पाण्याचे पाट दाखवतो आणि ‘चारबाग’ ही संज्ञा लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ज्या बागेत माणसे रोज राहत होती, जेवत होती, मुले वाढवत होती, दुपारी विसावा घेत होती ती घरातील बाग मात्र आपल्या अध्यापनात क्वचितच येते. वास्तविक सामान्य माणसाच्या जीवनाशी तिचा संबंध मकबऱ्याच्या बागेपेक्षा अधिक जवळचा आहे.

प्रस्तुत लेखात हैदराबाद शहरातील निवासी बागांचा विचार केला आहे. हैदराबाद निवडण्याचे कारण उघड आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. आपल्याकडील अनेक कुटुंबांचे शिक्षण, नोकरी आणि नातेसंबंध त्या शहराशी जोडलेले होते. दुसरे असे की, घराची बाग पाहण्यासाठी असते की राहण्यासाठी, या प्रश्नाचे उत्तर हैदराबादने आपल्या घरांच्या रचनेतूनच दिले होते. ते उत्तर काय होते, ते कोणाच्या उपयोगाचे होते, कोणाच्या कष्टावर उभे होते आणि आज ते हरवण्याच्या मार्गावर का आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. शब्दांची साक्ष

लेखी साधने नसतील तेथे शब्द साक्ष देतात. बाग, बगीचा, हौद, कारंजे, चबुतरा, दालन, हवेली, सुरई, अत्तर हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो. यातील बरेचसे फारसी किंवा अरबीतून आले आणि दख्खनच्या घरात रुळले. अरबी ‘हौज’चा मराठीत ‘हौद’ झाला. वाड्याच्या चौकात आणि परसदारी तो असा बसला की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही येत नाही.

‘देवडी’ या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. मराठीत देवडी म्हणजे किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या दरवाजाशेजारील पहारेकऱ्यांची जागा. हैदराबादमध्ये मात्र अमीर-उमरावांच्या संपूर्ण निवासस्थानालाच ‘देवडी’ म्हणत. दरवाजाचे नाव आतल्या सगळ्या जगाला मिळाले. रस्त्यावरील माणसाला दिसत होता तो फक्त दरवाजा. आतील अंगणे, हौद आणि झाडे त्याच्या दृष्टीआड होती. म्हणून सर्व मिळून ‘देवडी’. या एका शब्दात त्या घराची रचना सामावलेली आहे : बाहेरून भिंत, आतून बाग.

शहरातील वस्त्यांची नावेही अशीच साक्ष देतात. बशीरबाग, जामबाग, किशनबाग, ललितबाग, सीतारामबाग, मूसारामबाग, बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेठ ही नावे आज बसच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. मूसारामबाग हे नाव निजामाच्या सेवेतील फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या लोकप्रचलित नावावरून आले, असे मानले जाते. त्याचे निधन १७९८ मध्ये झाले. बशीरबाग येथे सर आसमान जाह यांचा राजवाडा होता. यांतील बहुतेक ठिकाणी आज बाग उरलेली नाही, पण नाव उरले आहे. विद्यार्थ्यांच्या हाती शहराचा नकाशा देऊन ‘बाग’ या शब्दाभोवती खुणा करायला सांगितले, तर जुन्या शहराचे हिरवे चित्र त्यांच्यासमोर आपोआप उभे राहील.

२. बागांचे शहर

मुहम्मद कुली कुतुबशाह याने १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिणेस नवे शहर वसवले. त्याचा पेशवा मीर मोमीन अस्त्राबादी याचा या नियोजनात मोठा वाटा होता. मध्यभागी चारमिनार आणि तेथून निघणारे चार रस्ते ही त्या शहराची मूळ मांडणी होय. जुन्या लेखनात या शहराला ‘भागनगर’ किंवा ‘बागनगर’ म्हटलेले आढळते. भागमती नावाच्या स्त्रीवरून हे नाव पडले अशी आख्यायिका आहे, प्रा. हारून खान शेरवानी यांच्यासारख्या इतिहासकारांनी तिच्या ऐतिहासिकतेविषयी शंका घेतली आणि ‘बागांचे नगर’ या अर्थाकडे लक्ष वेधले. वाद मिटलेला नाही. परंतु सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने येथे पूर्वी केवळ राजाच्या बागा होत्या असे लिहून ठेवले आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तावेर्नियेला आणखी एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. राजवाड्याच्या गच्च्यांवर बागा होत्या आणि त्यांत एवढी मोठी झाडे होती की खालच्या कमानींनी तो भार कसा पेलला असेल, असा प्रश्न त्याला पडला. आज गच्चीवरील बाग ही नवी कल्पना म्हणून सांगितली जाते. दख्खनमध्ये ती साडेतीनशे वर्षांपूर्वीही होती.

दुसरा फ्रेंच प्रवासी तेवनो याने १६६६-६७ च्या सुमारास येथील बागांचे जे वर्णन केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. युरोपातील बागांप्रमाणे फुलांचे वाफे आणि कारंजी यांची रेलचेल येथे त्याला दिसली नाही. त्याऐवजी लांब, स्वच्छ ठेवलेल्या वाटा, फळझाडे आणि पाण्याने भरलेली टाकी दिसली. एका प्रसिद्ध बागेत प्रवेश करताच माडासारखी आणि सुपारीची झाडे इतकी दाट लावलेली होती की ऊन खाली पोहोचत नव्हते. वाटांच्या कडेला गुलदावदी होती आणि शेवटी राहण्याचे घर होते. तेवनोला ही उणीव वाटली असावी. परंतु नीट पाहिले तर वाट, सावली, फळ आणि पाणी या चारच गोष्टींवर बाग उभी करणे म्हणजे तिचा वापर माणसाच्या शरीरासाठी करणे होय. फिरायला वाट, बसायला सावली, खायला फळ, गारव्याला पाणी.

स्वतः मुहम्मद कुली दखनी भाषेचा कवी होता. त्याच्या बागेवरील कवितेत चाफा, डाळिंब, द्राक्षे, नारळ, सुपारी, जांभूळ यांचे उल्लेख येतात. म्हणजे इराणी परंपरेतील डाळिंब-द्राक्षांच्या शेजारी या मातीतील जांभूळ आणि चाफा उभा आहे. दख्खनची बाग ही केवळ आणलेली नक्कल नव्हती, हे यावरून दिसून येते.

३. देवडी आणि सहन

१७६३ च्या सुमारास निजाम अली खान याच्या काळात आसफजाही राज्याची राजधानी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, हैदराबादला हलली. राजधानीबरोबर अनेक सरदार, कारकून आणि कारागीर कुटुंबेही हलली. ज्या शहरातून ती निघाली, तेथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीस बांधलेल्या नहरीचे पाणी खापरी नळांतून वस्त्यांमधील हौदांत खेळत होते. अंगणात हौद आणि हौदात वाहते पाणी ही त्या कुटुंबांची सवय होती. ती त्यांच्यासोबत हैदराबादला गेली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. मात्र हैदराबादमध्ये कुतुबशाही काळापासूनच पाण्याची व्यवस्था आणि हौद होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

देवडीची सर्वसाधारण रचना अशी असे. रस्त्याकडे उंच भिंत आणि मोठा दरवाजा. दरवाजातून सरळ आत पाहता येऊ नये म्हणून आड भिंत किंवा वळण. त्यानंतर मर्दाना, म्हणजे पुरुषांची बैठक आणि पाहुण्यांचा वावर असलेला भाग. त्याच्या मागे किंवा बाजूला जनाना. प्रत्येक भागाला स्वतःचे अंगण, ज्याला ‘सहन’ म्हणत. सहनाच्या एका किंवा अधिक बाजूंना खांबांवर उभे दालन, दोन-तीन पायऱ्या उंच. मध्यभागी हौद. हौदाजवळ चबुतरा. कडेला फुलझाडे आणि फळझाडे.

ही रचना आपल्या वाड्यापेक्षा फार वेगळी नाही. मराठवाड्यातील वाड्यात चौक असतो, चौकाभोवती सोपा, एका बाजूस तुळशी वृंदावन आणि मागे परसदार असते. धर्म वेगळा, विधी वेगळे, परंतु ऊन, वारा आणि पाऊस तेच. म्हणूनच हैदराबादमध्ये मुस्लिम उमरावांच्या देवड्यांप्रमाणेच कायस्थ आणि खत्री घराण्यांच्या देवड्याही त्याच पद्धतीने बांधलेल्या होत्या. महाराजा किशन पर्शाद यांची देवडी किंवा मालवाला घराण्याचा चारमिनारजवळील वाडा ही त्याची उदाहरणे होत. अंगणाची संस्कृती ही या प्रदेशाची समाईक ठेव होती.

या रचनेचे सर्वांत भव्य रूप चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. अठराव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेले हे काम अफजल-उद-दौला याच्या कारकिर्दीत, १८५७ ते १८६९ च्या दरम्यान पूर्णत्वास गेले. अफजल महल, महताब महल, तहनियत महल आणि आफताब महल हे चार महाल एका मोठ्या हौदाभोवती उभे आहेत. येथे इमारत मध्यभागी आणि बाग भोवती असा प्रकार नाही. मध्यभागी मोकळी जागा आहे आणि इमारती तिच्या भिंती आहेत. हेच तत्त्व लहान घरातही होते. बाग ही घराच्या बाहेर नसून घराच्या मध्यभागी असलेली, छप्पर नसलेली एक खोली होती.

४. बागेचा दिनक्रम

हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, परंतु हवा कोरडी असल्याने सूर्यास्तानंतर उष्णता लवकर उतरते. उन्हाळ्यातील दिवस असह्य आणि रात्र सुखद, या दोहोंमधील फरकावर अंगणातील सगळे जीवन बेतलेले होते.

पहाटे अंगण थंड असे. रात्री थंड झालेली हवा जड असल्याने चारी भिंतींच्या आत साचून राही. घरातील सकाळची कामे, धान्य निवडणे, कपडे वाळत घालणे, मुलांचे धडे, ही सावली असलेल्या बाजूला होत. ऊन चढले की माणसे दालनात सरकत आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले जाई. ताटीतून येणारा वारा बाष्पीभवनामुळे गार होई आणि वाळ्याचा गंध आत आणी. संध्याकाळी अंगणात सडा मारला जाई. तापलेल्या फरशीवरील पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जाई. मग चबुतऱ्यावर किंवा लाकडी तख्तावर पांढरी चांदणी अंथरली जाई, सुरया मांडल्या जात, आणि जेवण, गप्पा, कधी कधी काव्यवाचन तेथेच होई. उन्हाळ्यात बाजा टाकून माणसे झोपतही तेथेच.

झाडांची निवडही या वेळापत्रकाला धरून होती. मोगरा, जाई, चमेली संध्याकाळी उमलतात. ज्या वेळी माणसे अंगणात येतात त्याच वेळी त्यांचा गंध पसरतो. मेंदीचे कुंपण कापण्यासही सोपे आणि उपयोगाचेही. डाळिंब, लिंबू आणि पेरू यांची उंची अंगणाला झेपणारी. थोरल्या आवारात आंबा, चिंच आणि बकुळ.

येथे इतिहासाच्या शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. रातराणी, खुरचाफा, बोगनवेल, सीताफळ आणि पेरू ही आज ‘जुन्या हैदराबादची’ वाटणारी झाडे मूळची अमेरिका खंडातील होत. गुलमोहर मादागास्करचा असून तो भारतात एकोणिसाव्या शतकात पसरला. कुतुबशाही काळावरील एखाद्या कथेत किंवा चित्रपटात नायिका गुलमोहराखाली उभी असेल, तर ती कालविपर्यासाची चूक आहे. झाडांवरून काळ ओळखणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम अभ्यास ठरू शकतो.

५. बेगमेची बाग

निवासी बाग स्त्रियांसाठी काय होती, हे समजून घेण्यासाठी कोठी येथील ब्रिटिश रेसिडेन्सीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक हा १७९८ ते १८०५ या काळात हैदराबाद दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. हैदराबादच्या प्रतिष्ठित घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी त्याचा १८०० मध्ये विवाह झाला. मुसीच्या उत्तरेस निजामाने दिलेल्या जागेवर १८०३ पासून लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याच्या आराखड्यानुसार नवी रेसिडेन्सी उभी राहू लागली. समोर भव्य ग्रीक धाटणीचे स्तंभ आणि इंग्लिश पद्धतीचे मोकळे आवार. मागील बाजूस मात्र खैरुन्निसासाठी रंगमहाल आणि भिंतींनी वेढलेली स्वतंत्र बाग. एकाच आवारात बागेविषयीच्या दोन कल्पना शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढची बाग इमारतीचा दिमाख दुरून दिसावा यासाठी होती, मागची आत बसून राहण्यासाठी होती.

या बागेत रेसिडेन्सीची एक लहान चुनेगच्ची प्रतिकृती आहे. पडद्यात राहणाऱ्या बेगमेला इमारतीचा दर्शनी भाग पाहता येत नव्हता म्हणून कर्कपॅट्रिकने ती बनवून घेतली, असे परंपरेने सांगितले जाते. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती जे सांगते ते विचार करायला लावणारे आहे. स्वतःच्याच घराचा दर्शनी भाग स्त्रीला प्रतिकृतीतून पाहावा लागतो. जनान्याच्या बागेची भिंत तिला मोकळे आकाश देत होती आणि तीच भिंत तिला रस्ता नाकारत होती. या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवल्या पाहिजेत. केवळ पहिली सांगितली तर गतकाळाचे गोडवे होतात, केवळ दुसरी सांगितली तर त्या स्त्रियांनी आपल्या अंगणात उभे केलेले जग पुसले जाते.

कर्कपॅट्रिकचा १८०५ मध्ये कलकत्त्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी दोन्ही लहान मुलांना इंग्लंडला पाठवण्यात आले होते. आईची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. खैरुन्निसाचे १८१३ मध्ये निधन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रंगमहालही पाडण्यात आला. बागेचा काही भाग, दरवाजा आणि ती प्रतिकृती तेवढी राहिली.

६. पाणी कोणी वाहिले?

देवडीच्या बागेचे वर्णन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. हे पाणी कोण आणत होते? मोठ्या आवारात विहीर असे आणि मोटेने किंवा रहाटाने पाणी काढले जाई. इतरत्र भिस्ती मशकीतून पाणी आणून टाकत. संध्याकाळचा सडा, ताट्यांवरचे पाणी, हौदाची भरणी, सगळे त्यांच्या खांद्यावरून येई. झाडांची निगा माळी राखत, फुलांच्या माळा माळणी गुंफत, तख्त आणि बिछायती नोकर-चाकर मांडत. मालक गारव्यात बसू शकत होता, कारण दुसरे कोणी उन्हात चालत होते.

म्हणून ही जीवनपद्धती जशीच्या तशी परत आणण्याची भाषा करणे योग्य नाही. तिच्यातील रचनेचे शहाणपण घ्यावे आणि श्रमाची विषमता सोडून द्यावी, अशी आमची धारणा आहे. हे शक्य आहे, कारण गारवा निर्माण करणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे भिंतीची सावली, झाड, मातीची जमीन आणि दालनाची खोली, नोकरांवर अवलंबून नसतात.

७. पूर, नळ आणि डास

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन-तीन गोष्टींनी अंगणाचे स्वरूप बदलले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हजारो माणसांचा बळी घेतला आणि नदीकाठच्या वस्त्या वाहून नेल्या. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सूचनांनुसार नदीवर वरच्या बाजूस धरणे बांधण्याचे ठरले. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन होऊन दाट वस्त्या मोकळ्या करणे, रस्ते रुंद करणे आणि नवी घरे बांधणे ही कामे सुरू झाली. धरणाचे पाणी नळाने घरात आले. स्वयंपाकघरात नळ आल्यावर विहीर आणि हौद यांची गरज कमी झाली.

दुसरी गोष्ट आरोग्याची. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू वाढतात, हा शोध रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथेच लावला. साचलेले पाणी हे आजाराचे घर आहे, हे ज्ञान ज्या शहरातून जगाला मिळाले त्याच शहरातील अंगणात हौद होते. पुढे अनेक घरांत हौद बुजवले गेले, त्यामागे नळाबरोबर हे भानही असावे. मात्र हौद आणि डास यांचे नाते अटळ नाही. वाहते पाणी, नियमित उपसा आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे यांनी ते तोडता येते. हौद नव्हे, दुर्लक्षित हौद हा दोष होय.

८. खडकात वसलेले घर

याच काळात शहर उत्तर-पश्चिमेच्या टेकड्यांकडे सरकू लागले. तेथे भिंतीआडच्या देवडीऐवजी बंगला आणि त्याभोवती हिरवळ ही पद्धत रूढ होत होती. अशा वेळी नवाब मेहदी नवाज जंग यांनी बंजारा हिल्सवर बांधलेले घर वेगळे ठरले. सनदी अधिकारी असलेले आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल झालेले हे गृहस्थ टेकडीवर वस्ती करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी होते. त्यांनी तेथील प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळा सुरुंगाने उडवल्या नाहीत. शिळांनाच भिंती मानून घर त्यांच्यामध्ये बसवले. रवींद्रनाथ टागोर १९३३ मध्ये हैदराबादला आले तेव्हा या टेकडीवर त्यांचा मुक्काम होता.

या घराचा धडा साधा आहे. बाग करण्यापूर्वी जागेवर काय आहे ते पाहावे. खडक, उतार, जुने झाड, पाणी वाहून जाण्याची वाट या अडचणी नसून आराखड्याचा अर्धा भाग आहेत. दुर्दैवाने पुढील काळात या टेकड्यांवरील बहुतेक शिळा फोडल्या गेल्या. त्या वाचवण्यासाठी १९९६ मध्ये शहरात नागरिकांची ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन झाली.

९. बागा का गेल्या?

सर्व दोष आजच्या पिढीच्या आवडीनिवडीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे न्याय्य आणि आवश्यक पाऊल होते. परंतु जहागिरीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या देवड्यांचा आर्थिक आधार त्यामुळे गेला. माळी आणि भिस्ती गेले, वारसांत वाटण्या झाल्या, अंगणाच्या मध्यातून भिंती उठल्या. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने हैदराबादसारख्या शहरात मोकळ्या जमिनीवर १,००० चौरस मीटरची मर्यादा घातली. कायद्याचा हेतू समन्यायी वाटपाचा होता. पण मोकळी जागा ‘रिकामी’ ठरली, आणि रिकामी जागा धोक्याची वाटू लागली. ती वाचवण्यासाठी तुकडे करून विकणे किंवा बांधून टाकणे हा मार्ग अनेकांनी धरला. नंतर जमिनीचे भाव वाढले आणि सदनिकांचे युग आले. मालवाला घराण्याचा १८४५ मधील वाडा २००० मध्ये पाडला गेला. मूळ सुमारे ४५ एकर असलेल्या चौमहल्ल्याचे आज १२ एकरांच्या आसपास क्षेत्र उरले आहे.

यात सर्वाधिक हानी कोणाची झाली? ज्यांना रस्ता आणि मैदान सहज मिळते, त्यांचे थोडे गेले. ज्या स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले यांचा दिवस घरातच जातो, त्यांचे आकाश गेले. चार भिंतींचे घर राहिले आणि पाचवी, आकाशाखालची खोली गेली. पडदा सैल झाला म्हणून ही गरज संपली असे नाही. मध्यमवर्गीय वस्तीत संध्याकाळी निर्धास्त बसता येईल अशी मोकळी जागा मुलींना आजही सहज मिळत नाही.

१०. आजच्या अंगणासाठी काही सूत्रे

इतिहासातून नेमके काय घेता येईल? आमच्या मते पुढील गोष्टी लहानशा घरालाही लागू पडतात.

पहिली, आधी बैठक ठरवावी, नंतर झाडे. संध्याकाळी कोठे बसणार, मुले कोठे खेळणार, वृद्ध माणूस स्वयंपाकघरातून तेथपर्यंत पायरीशिवाय जाऊ शकेल का, याची उत्तरे मिळाल्यावर रोपवाटिकेत जावे.

दुसरी, पश्चिमेची सावली सर्वांत मोलाची. दुपारनंतरचे ऊन अडवणारे एक झाड किंवा वेलीचा मांडव असेल, तर संध्याकाळची बैठक तासभर लवकर सुरू होते.

तिसरी, सगळी जमीन फरशीने झाकू नये. तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, आणि पावसाचे पाणी मुरत नाही. संयुक्त आंध्र प्रदेशात २००२ मध्ये पाणी, जमीन आणि वृक्ष यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो याच चिंतेतून. एका घराचा शोषखड्डा शहराची विहीर भरत नाही, पण सगळी घरे मिळून भरतात.

चौथी, आडोसा असावा, कोंडवाडा नसावा. जाळी, मेंदीचे कुंपण, चिक किंवा वेल यांनी नजर अडते आणि वारा येतो. उंच सलग भिंत दोन्ही अडवते.

पाचवी, झाड असे निवडावे की जे आपण घरी असतो त्या वेळी उमलते आणि जे घरातील माणसे स्वतः सांभाळू शकतात. दहा कुंड्यांची निगा राखता येत असेल तर अकरावी आणू नये.

जेथे अंगणच नाही तेथे गच्ची आहे. तावेर्नियेने पाहिलेल्या गच्चीवरील बागेची आठवण येथे ठेवावी; मात्र छताची ताकद तपासल्याशिवाय मातीचा भार टाकू नये.

समारोप

वर्गाच्या दृष्टीने हा विषय अतिशय सोयीचा आहे. त्यासाठी दूरची सहल लागत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीला किंवा शेजारच्या वयस्क व्यक्तीला विचारावे : तुमच्या लहानपणीच्या घरात अंगण कोठे होते, पाणी कोठून येई, संध्याकाळी कोण कोठे बसत असे, कोणते झाड होते? त्यावरून घराचा एक साधा नकाशा काढावा. अशा नकाशांचा संग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवला, तर दहा वर्षांत तो मराठवाडा आणि हैदराबादच्या गृहजीवनाचा मोलाचा दस्तऐवज होईल. सांगणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत, हे लक्षात घेता हे काम लवकर हाती घ्यावे लागेल.

शेवटी पुन्हा कोठीच्या रेसिडेन्सीकडे वळू. १९२४ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय १९४९ मध्ये त्या आवारात आले. २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र महिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आता ते चाकली ऐलम्मा यांच्या नावाने ओळखले जाते. मुख्य इमारत आणि बेगमेच्या बागेतील प्रतिकृती यांचे जतनकामही झाले आहे. ज्या आवारात एका स्त्रीला आपल्या घराचा दर्शनी भाग प्रतिकृतीतून पाहावा लागत होता, त्या आवारात मुली मुख्य दरवाजाने येतात आणि झाडाखाली पुस्तक उघडून बसतात. भिंतीआडचे आकाश आणि रस्त्यावरचे स्वातंत्र्य यांपैकी एकच निवडावे लागत नाही, याचा तो पुरावा आहे. आपल्या घरात, आपल्या महाविद्यालयाच्या आवारात अशी एक जागा राखता आली, तर या इतिहासाचे अध्ययन सार्थकी लागले असे म्हणता येईल.